कात्री लावायचीच तर खालून लावा: हात आखडता असताना कारचा विमा कसा निवडायचा

प्रश्न असा आहे: "गाडी आठ वर्षांची झाली, कर्ज केव्हाच फिटलं. घरात मिळवता मी एकटाच. विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस आली आणि आकडा बघून धस्स झालं. फक्त कायद्यापुरता विमा घेऊन मोकळा होऊ, की पूर्ण पॉलिसी चालू ठेवू? आणि खर्च कमी करायचाच, तर नेमकं काय काढू?"

मी गेली बावीस वर्षं मोटार क्लेमच्या कामात आहे. आधी क्लेम खात्यात फायली बघितल्या, नंतर सर्व्हेअर म्हणून ठोकलेल्या गाड्या. उत्तर जरा लांबणार आहे, कारण हा निर्णय बहुतेक लोक वर्षातून एकदा, शेवटच्या दिवशी, पंधरा मिनिटांत उरकतात आणि चुकला तर निस्तरायला वर्षं जातात.

मुद्द्याचं आधी सांगतो. कात्री लावायची तर खालून लावा, वरून नको. ओरखडा, चेपलेला दरवाजा, फुटलेला दिवा हे खर्च स्वतःच्या अंगावर घ्या. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी आणि अख्खी गाडी हातची जाण्याचा धोका, हे मात्र विम्याकडेच राहू द्या. मी पाहिलेली बरीच माणसं याच्या अगदी उलट करतात. छोट्यातला छोटा क्लेम मिळावा म्हणून जास्त पैसे भरतात आणि ज्या एका फटक्यात घर बसेल तिथे सगळ्यात कमी रकमेवर खूण करतात.

सगळा हिशेब मी पगारात मांडणार आहे. चलन कुठलंही असो, एका महिन्याचा हातात येणारा पगार हे माप सगळ्यांना लागू पडतं. एक कागद घ्या आणि त्यावर एकच आकडा लिहा: उद्या सकाळी अचानक खर्च अंगावर आला, तर कर्ज न काढता आणि कुणापुढे हात न पसरता किती पगारांपर्यंत तुम्ही तो सोसाल? कुणाचा आकडा पाव असेल, कुणाचा दोन. प्रामाणिकपणे लिहा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरणार आहे. त्या आकड्याच्या आतले खर्च तुमचे, त्याच्या पलीकडचे विम्याचे.

आता वरून सुरुवात करू, म्हणजे थर्ड पार्टी. हा विमा मुळात तुमच्यासाठी नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी आहे. मोटारी वाढल्या तेव्हा लक्षात आलं, की धडक देणाऱ्याकडे भरपाई द्यायला पैसेच नसतात आणि जखमी माणूस कोर्टातला दावा जिंकूनही रिकाम्या हातानं घरी जातो. म्हणून कायदे आले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सनं १९२७ पासून हा विमा सक्तीचा केला, ब्रिटननं १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्यानं.

पण कायद्यानं सांगितलेलं किमान म्हणजे तुमच्या गरजेइतकं, असं समजू नका. कॅलिफोर्नियात एका जखमी माणसामागे किमान कव्हर १५,००० डॉलर होतं. १९६७ पासून ते २०२४ च्या अखेरीपर्यंत हाच आकडा राहिला आणि २०२५ पासून तो ३०,००० झाला. मधल्या सत्तावन्न वर्षांत दवाखान्याची बिलं कुठल्या कुठे गेली. किमान जागचं हललं नाही. उलट ब्रिटनमध्ये माणसाच्या इजेसाठी या कव्हरला वरची मर्यादाच नाही. भारतातही मृत्यू आणि इजेच्या भरपाईला मर्यादा नाही, पण दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला खासगी कारसाठी साडेसात लाखांची आहे. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अपघातातल्या इजेची भरपाई सरकारी योजनाच देते. तिथे तुमच्या डोक्यावर उरते ती दुसऱ्याच्या गाडीची किंवा कुंपणाची भरपाई. म्हणून आपल्या पॉलिसीत हा मर्यादेचा आकडा शोधून वाचा. जिथे मर्यादा असेल तिथे ती वाढवायला पहिला पैसा घाला. हे वाढीव कव्हर दिसायला मोठं असतं पण तुलनेनं स्वस्त पडतं. कारण साधं आहे: एवढे मोठे दावे क्वचित येतात, त्यामुळे वरच्या थराची किंमत कमी लागते.

इथे मला एक माणूस आठवतो. त्याची गाडी मी पाहिली तेव्हा तिला म्हणावं असं काहीच झालं नव्हतं. डावा आरसा तुटला होता, बंपरला बोटभर तडा. अर्ध्या पगारात होईल एवढं काम. पण त्याच आरशाचा धक्का एका सायकलस्वाराला लागला होता आणि त्याच्या मणक्याला मार बसला होता. पॉलिसीची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपलेली. तो माणूस माझ्यासमोर उभा राहून हातातली पावती पुढे करत होता. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी त्यानं विमा पुन्हा घेतला होता. "दंड लावा हवं तर, पण हे धरा ना," असं तीन वेळा म्हणाला. धरता येत नव्हतं. अशा दाव्यात भरपाई ठरते ती जखमीचं वय, त्याची कमाई आणि इजा किती गंभीर आहे हे बघून; धडकणारी गाडी नवी होती की जुनी, याच्याशी तिचा काही संबंध नसतो. तुमची गाडी आठ वर्षांची आहे म्हणून हा धोका एका पैशानंही कमी होत नाही. त्यामुळे बाकी काहीही ठरवा, पण एक दिवसाचाही खंड पडू देऊ नका. मुदत संपायच्या आठवडाभर आधीची आठवण आजच फोनमध्ये टाकून ठेवा.

याला लागूनच एक गोष्ट. थर्ड पार्टी विमा चालकाच्या स्वतःच्या इजेचं काहीही देत नाही, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. तुम्ही घरातले एकटे मिळवते आहात, तेव्हा चालकाचं वैयक्तिक अपघात कव्हर घ्याच. हप्ता थोडा असतो. आधीच वेगळा अपघात विमा असेल तर मात्र दोनदा पैसे भरू नका.

आता तुमचा खरा प्रश्न: स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर ठेवायचं का?

धंद्यात एक जुना ठोकताळा आहे. गाडीच्या आजच्या बाजारभावातून डिडक्टिबल वजा करा, म्हणजे क्लेममधला तुमच्या खिशातून जाणारा पहिला वाटा. उरलेली रक्कम म्हणजे विमा जास्तीत जास्त तुम्हाला देऊ शकेल ती. फक्त या कव्हरचा वार्षिक हप्ता त्या रकमेच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर कव्हर सोडण्याचा विचार करा. समजा, गाडीची किंमत सहा पगार आणि डिडक्टिबल अर्धा. उरले साडेपाच. त्याचे दहा टक्के म्हणजे अर्ध्या पगाराहून थोडं जास्त. हप्ता पाव पगार असेल तर ठेवा, पाऊण पगार असेल तर सोडा. मधे कुठे असेल तर कागदावरचा तुमचा आकडा बघा.

पण हा ठोकताळा एक गोष्ट विसरतो. गाडीची किंमत दरवर्षी उतरते. हेडलाइटची आणि पेंटरच्या मजुरीची उतरत नाही. आठ वर्षांच्या गाडीचं बॉनेट नवीच्या बॉनेटइतकंच महाग असतं. म्हणूनच "गाडी निम्म्या किमतीची झाली, मग हप्ता निम्मा का नाही झाला?" ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. विमा कंपनी बहुतेक वेळा अख्खी गाडी भरून देत नाही, सुटे भाग आणि मजुरी देते. यातूनच दुसरी गोष्ट निघते. जुनी गाडी टोटल लॉस लवकर होते. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या किमतीच्या ठरावीक टक्क्यांवर गेला की गाडी दुरुस्त करत नाहीत, रक्कम देऊन प्रकरण मिटवतात. भारतात ही रेषा ७५ टक्क्यांची आहे. जुन्या गाडीला समोरून बरी बसली, एअरबॅग उघडल्या, की ही रेषा सहज ओलांडली जाते.

म्हणून मी किमतीबरोबर आणखी एक प्रश्न विचारतो: उद्या ही गाडी नाहीशी झाली, तर किती दिवसांत आणि कशानं दुसरी आणाल? गाडीवर पोट अवलंबून असेल, किंवा घरात रोज दवाखान्यात न्यावं लागणारं माणूस असेल, तर ठोकताळा "सोडा" म्हणाला तरी कव्हर ठेवा. गाडी आठवड्यातून एकदा बाहेर निघत असेल आणि तिच्यावाचून काही अडत नसेल, तर सोडायला हरकत नाही. दोन्हींच्या मधला रस्ताही आहे. बऱ्याच ठिकाणी थर्ड पार्टीला फक्त आग आणि चोरीचं कव्हर जोडता येतं. धडकेत काही मिळत नाही, पण गाडी रातोरात गायब झाली तर हात रिकामे राहत नाहीत. विकणारा हा पर्याय स्वतःहून क्वचित सांगतो. विचारा.

कव्हर ठेवायचं ठरलं, तर पैसे वाचवायची सगळ्यात चांगली जागा डिडक्टिबल. तो वाढवला की हप्ता उतरतो. किती उतरला म्हणजे परवडतं, हे बघायला एकच भागाकार पुरतो: जास्तीचा डिडक्टिबल भागिले वर्षाची बचत. समजा, डिडक्टिबल अर्ध्या पगारानं वाढवला आणि हप्ता पगाराच्या आठ टक्क्यांनी कमी झाला. पन्नास भागिले आठ, म्हणजे सव्वासहा वर्षं. तुमच्याकडून सहा-सात वर्षांत एकापेक्षा कमी मोठा क्लेम होत असेल तर तुम्ही फायद्यात. पण बचत दोनच टक्के असेल तर उत्तर पंचवीस वर्षं येतं. तिथे डिडक्टिबल आहे तसा राहू द्या. दोन-तीन पायऱ्यांचे भाव मागवा, कारण सूट सगळ्या पायऱ्यांवर सारखी नसते.

लोक इथे किती जास्त मोजतात याचा एक चांगला अभ्यास जस्टिन सिडनर या अर्थतज्ज्ञानं केला आहे, अमेरिकेतल्या घरविम्याच्या पन्नास हजार पॉलिसी बघून. डिडक्टिबल १,००० डॉलरवरून ५०० वर आणायला लोक वर्षाला सुमारे १०० डॉलर जास्त भरत होते आणि क्लेम करणारे शंभरात पाचाहूनही कमी होते. म्हणजे पंचवीस डॉलरसुद्धा किंमत नसलेल्या गोष्टीला शंभर. अभ्यास घरविम्याचा असला तरी कारच्या नूतनीकरणात मला रोज हेच दिसतं. एक अट मात्र पाळा. डिडक्टिबलची रक्कम आधी वेगळी काढून ठेवा, मगच तो वाढवा. गॅरेजमध्ये दुरुस्त होऊन उभी असलेली, पण मालकाकडे त्याचा वाटा भरायला पैसे नाहीत म्हणून तीन-तीन आठवडे न सुटलेली गाडी मी अनेकदा पाहिली आहे.

याच हिशेबाचा दुसरा भाग नो क्लेम बोनसचा, आणि तो फार थोडे लोक पुरा मांडतात. भारतातली शिडी घेऊ: क्लेम नसलेल्या वर्षांना ओळीनं २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट, स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर. तुम्ही ५० वर आहात आणि एक क्लेम केलात. पुढच्या नूतनीकरणाला सूट शून्य. त्यानंतर परत २० पासून चढायचं. सूट नसतानाचा हप्ता १०० धरला, तर पुढच्या पाच वर्षांत तुम्ही जास्तीचे भरता ५०, ३०, २५, १५ आणि ५. बेरीज १२५. गाडी जुनी होताना मूळ हप्ता थोडा उतरतो, म्हणून शंभर-एकशेदहा धरू. याचा अर्थ, आज तुम्ही स्वतःच्या नुकसानीसाठी जो हप्ता भरता त्याच्या दुपटीपेक्षा, वर डिडक्टिबल मिळवून, दुरुस्तीचा खर्च कमी असेल तर क्लेम करून तुम्ही स्वतःचंच नुकसान करता. हा आकडा काढा आणि पॉलिसीच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा. दरवाजा चेपला, की फोन उचलण्याआधी तो बघा. इतर देशांतल्या शिड्या वेगळ्या असतात. काही ठिकाणी एका क्लेमनं सगळी सूट न जाता दोन-तीन पायऱ्याच उतरतात. बेरीज करण्याची पद्धत तीच. आणि एक पक्कं लक्षात घ्या: दुसऱ्या कुणाला लागलं असेल, तर हा हिशेब न करता कंपनीला ताबडतोब कळवायचं.

आता जिथे बचत दिसते पण नसते, अशा दोन जागा.

एक, गाडीची किंमत मुद्दाम कमी लावणं. हप्ता स्वस्त करून देतो म्हणत विकणारा हेच करतो. ओरखड्याच्या क्लेमला फरक पडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. गाडी चोरीला गेली की मग कळतं, की हातात आलेल्या रकमेत तशी गाडी बाजारात मिळत नाही. कात्री वरून लागली ती अशी. सारख्या वयाच्या, सारख्या मॉडेलच्या गाड्या कितीला विकल्या जाताहेत ते बघून योग्य किंमत लावा.

दोन, अर्जात माहिती लपवणं. गाडी भाड्यानं किंवा डिलिव्हरीसाठी चालवत असाल, गॅसचं किट बसवलं असेल, घरातला नुकताच शिकलेला मुलगा रोज चालवत असेल, आधी क्लेम झाले असतील, तर लिहा. विमा करार परस्पर पूर्ण विश्वासावर उभा असतो; हे तत्त्व इंग्लंडमध्ये लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ सालीच एका निकालात मांडलं आणि आजही क्लेम नाकारताना त्याचाच आधार घेतला जातो. लपवून वाचवलेला हप्ता क्लेमच्या दिवशी उलटतो. पॉलिसी बदलताना बोनस मिळतो म्हणून जुना क्लेम न सांगणं तर अगदीच फसवं, कारण नवी कंपनी जुनीकडे विचारणा करू शकते.

वरून जोडायच्या कव्हरांबद्दल थोडक्यात. घसारा, म्हणजे जुन्या झालेल्या भागांच्या भरपाईतून कापली जाणारी रक्कम, न कापणारं कव्हर (झिरो डेप) नव्या गाडीला चांगलं. आठ वर्षांच्या गाडीला बहुधा मिळत नाही, मिळालं तर महाग पडतं. गाडीवर कर्ज असेल आणि ते गाडीच्या किमतीहून जास्त असेल, तर तो फरक भरून देणारं कव्हर घ्यायला हवं. तुमचं कर्ज फिटलं आहे, म्हणजे प्रश्नच नाही. किल्ली हरवण्याचं, गाडीतल्या सामानाचं, टायरचं कव्हर सोडा. हे सगळे कागदावरच्या तुमच्या आकड्याच्या आतले खर्च. रस्त्यात बंद पडल्यावरची मदत गाडी बनवणाऱ्या कंपनीकडून किंवा बँकेच्या कार्डावर आधीच मिळते का बघा.

इंजिनाच्या कव्हरचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. पाण्यात बंद पडलेली एक गाडी मी उघडून घेतली होती. दारांवर आतून चिखलाची सरळ रेघ, सीटच्या निम्म्यापर्यंत. एअर फिल्टरची डबी उघडली तर कागदी फिल्टर लगद्यासारखा हातात आला. मिस्त्रीनं खालचा चेंबर सोडला आणि एक कनेक्टिंग रॉड बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला, मधेच वाकलेला. गाडी नुसती पाण्यात उभी राहिली तर असा वाकत नाही. पाणी आत गेल्यावर कुणीतरी किल्ली फिरवली होती. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला, पाण्यावर आदळला आणि रॉडनं मान टाकली. मालकानं न लपवता सांगितलं, "सुरू होते का बघायला दोनदा सेल्फ मारला." आतली साफसफाई, सीट, वायरिंग यांचे पैसे मिळाले, इंजिनाचे मिळाले नाहीत, कारण ते नुकसान पाण्यानं थेट केलं नव्हतं, नंतरच्या कृतीनं झालं होतं. पाणी साचणाऱ्या भागात राहत असाल तर हे कव्हर घ्या. नसेल घेतलं आणि गाडी पाण्यात बंद पडली, तर किल्लीला हात न लावता ओढून गॅरेजला न्या. किल्ली न फिरवायला एक पैसा लागत नाही आणि इंजिन बहुधा वाचतं.

भाव मागवताना किमान तीन ठिकाणी मागवा, पण किंमत, डिडक्टिबल, जोडलेली कव्हरं सगळीकडे अगदी सारखी ठेवा. नाहीतर स्वस्त काय आणि कमी काय हे कळत नाही. एकरकमी भरणं जमत असेल तर मासिक हप्ते टाळा. त्यात बहुतेक वेळा व्याज असतं. आणि तुम्ही राहता त्या भागात क्लेमचं काम ती कंपनी कसं करते, हे गॅरेजवाल्याला विचारा. त्याला दर आठवड्याला सगळ्या कंपन्यांशी बोलावं लागतं.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? थर्ड पार्टीची मर्यादा, जिथे वाढवता येते तिथे, परवडेल तेवढी वाढवली असती. चालकाचं अपघात कव्हर घेतलं असतं. गाडीची किंमत खरी लावून दहा टक्क्यांचा हिशेब केला असता. कव्हर ठेवायचं निघालं तर डिडक्टिबल कागदावरच्या आकड्यापर्यंत नेला असता, फुटकळ कव्हरं काढली असती. सोडायचं निघालं तर आग-चोरीचं विचारलं असतं, आणि वाचलेला हप्ता त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकला असता, गाडीच्या नावानं. नोटिशीवरचे तीन आकडे, म्हणजे गाडीची लावलेली किंमत, स्वतःच्या नुकसानीचा हप्ता आणि सध्याचा बोनस, आणि कागदावरचा तुमचा आकडा मला कळवा. तुमच्यासाठी ठेवावं की सोडावं, ते बेरीज करून सांगतो.